उत्तर सगळ्यांना

कुंभकोणम, ११ जानेवारी

चि. कीर्तना,

आशीर्वाद आहेतच. ते काही भांडणाने थांबत नाहीत, म्हणून वेगळे लिहीत बसत नाही.

हे पत्र तुझ्या खासगी मेलवर पाठवतोय, लिस्टवर नाही. कामाचं आहे म्हणून लिहितोय, उगाच गैरसमज नको. तिरुचीच्या कॉलेजातल्या ज्या मशीनवर आपली लिस्ट इतकी वर्षं चालली, ते मशीन मार्चअखेर बंद होणार. त्या लोकांचा दोष नाही. फुकट चालवलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. मशीनच आता माझ्यासारखं झालंय, एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं. म्हणजे एप्रिलपासून 'सोल्'बद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर तुझा फोरम ही एकच जागा उरेल. झालं तुझ्या मनासारखं.

आंधळ्या माणसाला पडदा वाचून दाखवणारा 'सोल्' हा एक प्रोग्राम आणि त्यावर बोलायला एक मेलिंग लिस्ट, एवढाच आपला बाप-लेकीचा संसार होता. प्रोग्राम तू लिहायचीस, लिस्ट मी सांभाळायचो. मग तू वेगळी चूल मांडलीस आणि माणसं एकेक करून तिकडे गेली. जाऊ देत. मी कोणाच्या पाया पडलो नाही.

आता कामाचं. मी तुझ्या फोरममध्ये शिरायचा प्रयत्न केला. हो, मी! नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पुढे 'सोल्' म्हणायला लागला: चित्र, चित्र, चित्र, चित्र. ज्यात बस आहे ती चित्रं निवडा म्हणे. अगं, आंधळ्यांच्या प्रोग्रामच्या दारावर चित्रांची परीक्षा? चोरटे जाहिरातवाले घुसतात म्हणून लावली असशील, ते कळतं. चित्राऐवजी आवाज ऐकायचं बटण आहे असंही म्हणतात, पण ते 'सोल्'ला सापडत नाही. तुझी अम्मा म्हणाली, "सरका, मी निवडते बस." मी म्हटलं, राहू दे, तू रोज स्टँडवर पट्टीश्वरमची बस म्हणून नाचियारकोविलच्या बसमध्ये चढतेस.

अम्मा तुझ्याशी रोज बोलते हे मला ठाऊक आहे. फोन वाजला की ती बाहेर ओट्यावर जाते आणि मी आत रेडिओ मोठा करतो, म्हणजे मी ऐकत नाही असं तिला वाटावं.

जुन्या गोष्टीबद्दल एकदाच लिहितो आणि कानाला खडा लावतो. लिस्टवर जो तोंड सोडेल त्याची पत्रं आठ दिवस रोखायची, हा नियम तू शाळेत होतीस तेव्हापासून आहे. तंजावरच्या शंकरनारायण प्रोफेसरांना लावला होता, तेव्हा तूच टाळ्या वाजवल्या होत्यास. आणि तू काय लिहिलंस? "अप्पा, तुम्हाला दिसत नाही ही अडचण नाहीच. तुम्हाला माणसं नकोत, श्रोते हवेत ही अडचण आहे." चारशे माणसांनी ते वाचलं. मी तुला रोखलं. तुला सोडून दिलं असतं तर पुढे कोणाला रोखायला मला तोंड राहिलं असतं का? आठ दिवसांनी रोख उठली. तू परत एक ओळ लिहिली नाहीस आणि मग फोरम आला.

असो. लिस्टवर एक नवीन मुलगी आली आहे. श्रीविद्या, पापनाशमची, आपल्यासारखीच मराठी घरातली. शाळेत गणित शिकवायची. डोक्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला, दृष्टी गेली. तीही तुझ्या फोरमच्या दारावरून परत आली, त्याच चित्रांपाशी. शेवटी कोणीतरी तिला आमच्या लिस्टचा पत्ता दिला. ही मार्चनंतर कुठे जाणार, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तुला कळावा म्हणून लिहिला, बाकी काही नाही.

वादिराज

ता. क. आपली घरची तंजावरी मराठी लिहिली तर 'सोल्' अडखळतो. म्हणून ही पुस्तकातली मराठी. हसू नकोस.


कुंभकोणम, ३ फेब्रुवारी

कीर्तना,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज सकाळी कापी प्यायच्या आधी मेल उघडतो.

श्रीविद्या भराभर शिकते आहे. पहिल्या आठवड्यात तिला पत्राच्या शेवटापर्यंतही जाता येत नव्हतं. आता ती मला विचारते, "सर, 'सोल्' वर्गमुळाचं चिन्ह वाचतच नाही, गिळून टाकतो. असं कसं चालेल?" मास्तरीणच ती! नाचियारकोविलचा गोपालकृष्ण, तोच पितळी समयांच्या कारखान्यात फोनवर ऑर्डरी घेणारा, त्याने तिला चिन्हांचा तक्ता कसा बदलायचा ते पायरी-पायरीने लिहून दिलं. तो बिचारा इंटरनेट येईल तेव्हा सगळी पत्रं एकदम उतरवून घेतो आणि मग दिवसभर निवांत ऐकतो. फोरममध्ये हे जमलं असतं का? तिथे दर वेळी आपण उठून जायचं, दार लोटायचं, कुठे काय ठेवलंय ते चाचपत बसायचं. मेल आपल्या घरी येते. प्रत्येकाच्या घरी स्वतःची प्रत राहते. फोरमवाल्याने उद्या कुलूप लावलं तर सगळ्यांचंच बोलणं आत अडकलं.

आता तुझ्या तोंडून ऐकल्यासारखं वाटतंय: "सर, मशीन बंद पडल्यावर लिस्टचंही तेच झालं ना?" झालं बाई. कबूल.

तुझी बाजू मी विसरलेलो नाही. तोच प्रश्न दर महिन्याला नवा माणूस विचारतो, जुनं उत्तर त्याला सापडत नाही, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो. तरुण मुलं मेल उघडतच नाहीत. आणि एकदा पाठवलेलं परत घेता येत नाही. फोरममध्ये चुकीचं लिहिलं तर पुसता येतं, मेल हातातून सुटली की सुटली. हे तिसरं मला त्या वेळी पटलं नव्हतं. आता थोडं पटतं, पण तुला सांगायची लाज वाटते.

एका गोष्टीवर मात्र मी अजून ठाम आहे. उत्तर सगळ्यांना गेलंच पाहिजे. तुला आठवतं ना, सुरुवातीला कोणी प्रश्न विचारला की दुसरा त्याला एकट्याला उत्तर द्यायचा, आणि तोच प्रश्न घेऊन बाकीचे दहा जण तसेच चाचपडत राहायचे. म्हणून मी सेटिंग बदललं. लिस्टच्या पत्राला उत्तर दिलं की ते आपोआप सगळ्यांकडे जाणार. तू किती वाद घातलास! "एका माणसाला लिहिलेलं एकालाच जायला हवं, सर." मी म्हटलं, आंधळ्या माणसाला आयुष्यभर लोक कोपऱ्यातच बसवतात, माझ्या लिस्टवर कोपरा नाही.

"सर" म्हणायचीस ना तू. घरात अप्पा, लिस्टवर वादिराज सर. तूच ठरवलं होतंस, वशिल्याची वाटायला नको म्हणून, आणि किती वर्षं एकदाही चुकली नाहीस. परवा गोपालकृष्ण फोनवर म्हणाला, "तुमचं आणि कीर्तना मॅडमचं वाजलं त्या दिवशी मला कळलं की ती तुमची मुलगी." मला हसू आलं.

अम्माने तुझ्यासाठी तांदळाचे तळायचे वडाम वाळत घातलेत. कुरिअरने पाठवणार आहे. त्याचा माझ्याशी संबंध नाही.

वादिराज


कुंभकोणम, १९ फेब्रुवारी

कीर्तना,

वाईट झालं आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि या गोष्टीतलं कळणारं दुसरं कोणी मला नाही.

श्रीविद्याने मला एक पत्र लिहिलं. मला एकट्याला. निदान तिला तसं वाटलं. मी लिस्टवर काहीतरी समजावून दिलं होतं, त्याच पत्राला तिने उत्तर दिलं आणि ते सगळ्यांना गेलं. तू ते वाचलं असशील का, मला माहीत नाही; म्हणून इथे उतरवतो. "सर, अम्मा मला रोज भरवते. नाही म्हटलं तर रडते, म्हणून मी तोंड उघडते. तिचा हात तोंडाशी आला की मला किळस येते, आणि मग माझीच मला लाज वाटते. तुम्ही परत स्वतःच्या हाताने जेवायला कसे शिकलात?"

लोकांनी काही वाईट केलं नाही गं. उलट पत्रांवर पत्रं आली, सगळी मायेची. कोणी ताटातल्या जागा घड्याळाच्या आकड्यांसारख्या कशा लक्षात ठेवायच्या ते लिहिलं, कोणी स्वतःची रडकथा सांगितली. आणि गोपालकृष्णाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिच्या पत्राखाली घरचा नंबर असतो. त्याने सरळ फोन लावला, तो तिच्या आईने घेतला, आणि हा शहाणा म्हणाला, "अम्मा, मुलीला भरवत जाऊ नका, तिला त्याची किळस येते, तिने आम्हाला लिहिलंय." त्याच्या मनात पाप नव्हतं. मी त्याला नको नको ते बोललो. तो रडला.

दुपारी मशीनकडून नेहमीची सूचना आली: श्रीविद्या यांनी लिस्ट सोडली आहे. मी तिला मेल केली, उत्तर नाही. फोन केला, कोणी उचलत नाही.

तिला लिस्टवर तोंड दाखवायला जागा उरली नाही आणि तुझ्या दारातून आत येता येत नाही. म्हणजे ती पुन्हा त्या खोलीत. माझ्यामुळे की तुझ्यामुळे, हा हिशोब मी आज करणार नाही. मला फार वाईट वाटतंय, एवढंच.

वादिराज


कुंभकोणम, ९ मार्च

चि. कीर्तना,

मासीमघाच्या यात्रेची गर्दी ओसरली, बस पुन्हा स्टँडवरून सुटायला लागल्या, तशी मी आणि अम्मा पापनाशमला जाऊन आलो. न कळवता. कळवलं असतं तर नको म्हणाले असते.

दार तिच्या आईने उघडलं. भागीरथीबाई त्यांचं नाव. मी नाव सांगितलं तशा त्या बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, "या, बसा. उन्हातून आलात." आवाज असा कोरडा की मला परत फिरावंसं वाटलं. आपल्यासारखीच मराठी बोलतात, फक्त थोडी जास्त अदबीची. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून होते म्हणे. त्यांनी ताक आणलं. श्रीविद्या आतल्या खोलीत होती, बाहेर येईना.

भागीरथीबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर माझ्या मुलीने सगळ्या गावाला सांगितलं, आईच्या हाताची किळस येते म्हणून. मी काय वाईट केलं हो?" मी काहीतरी बोलायला गेलो, तर तुझ्या अम्माने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. म्हणजे तुम्ही गप्प बसा. आणि ती बोलायला लागली.

ती म्हणाली, "यांची दृष्टी गेली तेव्हा मीही भरवत होते. एक दिवस यांनी ताट ढकलून दिलं. सांबार भिंतीवर. मी भिंत पुसली, मागच्या दारी जाऊन बसले आणि मनात म्हटलं, मेला हा माणूस माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी ताट समोर ठेवलं आणि तोंड फिरवून बसले, कारण यांना चाचपताना बघवत नव्हतं. ताई, मुलीला नाही तुमची किळस. तिला स्वतःची येते. मला कळायला पुष्कळ दिवस लागले."

कीर्तना, हे मला माहीतच नव्हतं. ताट ढकललेलं आठवतं. ती मागच्या दारी जाऊन बसली होती हे तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भागीरथीबाई रडायला लागल्या, मग अम्माही. मी ताकाचा पेला हातात धरून बसलो.

मग आतून दार वाजलं. श्रीविद्या बाहेर आली, भिंतीला हात लावत लावत, आणि माझ्यासमोर बसली. पहिलं वाक्य काय बोलावं तिने? "सर, उत्तर सगळ्यांना जातं, ही सोय कोणी केली?"

मी म्हटलं, "मी केली."

"का?"

मी माझं नेहमीचं सांगितलं. आंधळ्या माणसाला कोपऱ्यात बसवतात, इथे कोपरा नाही, वगैरे. इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण सर, काही गोष्टी कोपऱ्यातच बोलायच्या असतात ना? मला तुम्हाला एकट्यालाच विचारायचं होतं. तुम्ही जवळचे वाटलात म्हणून."

मला वाईट वाटलं. आधी तिच्यासाठी, आणि मग दुसऱ्याच एका गोष्टीसाठी.

परतीच्या बसमध्ये मी अम्माला म्हटलं, "कीर्तनाचं ते पत्र. त्यात तिने मला अप्पा लिहिलं होतं. लिस्टवर ती मला अप्पा म्हणायची नाही." अम्मा म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "ते पत्र लिस्टला नव्हतंच. मला होतं." त्यावर तुझ्या अम्माने काय म्हणावं! "आत्ता कळलं तुम्हाला? ती त्याच दिवशी फोनवर रडत होती. 'अम्मा, ते अप्पांना एकट्यांना लिहिलं होतं गं, रागात बटण दाबलं गेलं,' म्हणून." मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, "तिने शपथ घातली होती. आणि तुम्ही कधी तिचं नाव काढलंत का? रेडिओ मोठा करायचा तेवढा येतो."

शेजारी बसलेल्या बाईने आमचं भांडण ऐकून आम्हाला निवांत भांडायला कंडक्टरच्या मागची मोठी जागा करून दिली.

बघ, मी असं धरून चाललो होतो की ते सेटिंग तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ, त्यावरूनच तर माझ्याशी रोज वाद घालायचीस. तू चुकशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणून वाटलं, मुद्दाम सगळ्यांसमोर केलं. आणि मी तुला रोखलं आणि कारणही सगळ्यांसमोर लिहिलं. एका बापाला त्याची मुलगी घरातल्या घरात रागाने बोलली आणि बापाने तिला चावडीवर उभं केलं. असं झालं ते.

तू जे लिहिलंस ते खरं की खोटं, यावर मी अजून तुझ्याशी वाद घालू शकतो. पण तो वाद आपल्या दोघांचा होता.

आता मागणं. आजवर मागितलं नाही, आता मागतो. तुझ्या फोरमला मेलचं दार कर. ज्याला आत शिरता येत नाही त्याने नुसती मेल पाठवावी आणि ती आत जाऊन लागावी, आतलं उत्तर त्याला मेलने यावं. आणि एका माणसाला लिहिलेलं त्या एकालाच जावं. सगळ्यांना लिहायचं तर मुद्दाम सगळ्यांना लिहावं लागावं. होय, तुझंच म्हणणं. चित्रांची परीक्षा काढ, निदान आमच्यासाठी. माझ्यासाठी नको करू. श्रीविद्यासाठी कर. मी तिला शब्द देऊन बसलोय.

तुझा बाप
वादिराज


कुंभकोणम, २१ मार्च

चि. कीर्तना,

तुझी मेल आली. "वादिराज सर, मेलची वाट सुरू केली आहे. पत्ता खाली दिला आहे. नवीन सदस्यांना चित्रं लागणार नाहीत. काही अडलं तर कळवावे. कीर्तना, सोल् फोरम."

काम चोख आहे. करून पाहिलं, लगेच आत लागलं. तुझं दार चांगलं आहे, फक्त प्रत्येक पत्राखाली ते लांबलचक शेपूट जोडलंय, ते 'सोल्' दर वेळी इमानदारीने वाचत बसतो. ते तेवढं काप.

"वादिराज सर" लिहिलंस. फार लागलं. लागायला नको होतं हे मला समजतं, तरी लागलं. अम्माला ऐकवलं तर ती नुसती भांडी घासत राहिली.

श्रीविद्या आत गेली. पहिलंच पत्र वर्गमुळाबद्दल, भांडकुदळ! भागीरथीबाई आता तिच्यापुढे ताट ठेवतात आणि ती जेवेपर्यंत स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसतात. ती अर्धा भात सांडते. पण जेवते. हे तिने मला एकट्याला लिहिलंय आणि ते मला एकट्यालाच आलं. तुला सांगितलंय असं तिला कळू देऊ नकोस.

लिस्टवरच्या लोकांना मी नवा पत्ता देतोय. एकेकाला फोन करून, कोणाला जमतं कोणाला नाही ते बघून. गोपालकृष्ण काल आत गेला. कुरकुर करत गेला, पण गेला. जो आत गेला त्याचं नाव मी इथून माझ्या हाताने काढतो, म्हणजे शेवटच्या दिवशी कोणी बंद दारावर पत्र टाकत बसायला नको. नाव काढताना प्रत्येकाचं काहीतरी आठवतं. मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटतं म्हणून लिहिणार होतो, पण तू अशी वाक्यं खोडून टाकायचीस.

वादिराज


लिस्टवर
कुंभकोणम, ३० मार्च

कीर्तना,

हे पत्र तुझ्या खासगी मेलवर नाही, लिस्टवर टाकतोय. घाबरू नकोस, दुसरं कोणी वाचणार नाही. आज दुपारी शंकरनारायण प्रोफेसर तुझ्याकडे गेले आणि त्यांचं नाव काढलं. त्यानंतर सदस्यांची नावं 'सोल्'कडून वाचून घेतली, तर त्याने दोनच वाचली. एक माझं, एक तुझं.

तू नाव काढलं नव्हतंस. फोरम सुरू केलास, माणसं नेलीस, माझ्याशी बोलायचं टाकलंस, पण नाव काढलं नाहीस. मालक म्हणून मला ते सगळा वेळ कळत होतं. मी आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं तर तू ते काढशील अशी भीती होती. लिस्टवर मी कोणाला काहीही समजावून लिहिलं, गोपालकृष्णाला, श्रीविद्याला, तरी ते तुलाही जातंय हे मला ठाऊक असायचं. तू उघडत होतीस की नाही, देव जाणे. मी मात्र पत्र पाठवायच्या आधी दोनदा ऐकून घ्यायचो, तुला त्यात चूक सापडू नये म्हणून. श्रोते हवेत म्हणालीस ना? बाकीचे गेले तेव्हा मला वाईट वाटलं, पण जेवण गेलं. तू गेलीस तेव्हा गेलं नाही.

परत ये असं म्हणत नाही. तुझं काम मोठं आहे, ते तिथेच कर. फोरम चांगला आहे, आणि मी तिथे साधा सदस्य म्हणून राहीन, प्रश्न विचारीन, शेपटाबद्दल तक्रार करीन. तिथे मला सर म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. पण तिथे आपण दोघं कधी एकटे असणार नाही. इथे आहोत, उद्या संध्याकाळपर्यंत. मग कॉलेजचा माणूस येऊन मशीन बंद करेल.

मी मुद्दाम ते सेटिंग बदललेलं नाही. या पत्राला उत्तर दिलंस तर ते नेहमीसारखंच लिस्टवरच्या सगळ्यांना जाईल. सगळे म्हणजे आता मी.

अप्पा